पंच्याहत्तरचा गठ्ठा

युकुतोना गावात ऑक्टोबर लागला की मक्याची काढणी आणि पुढच्या वर्षाच्या सेवेची गावसभा, दोन्ही एकदमच अंगावर येतात. त्यातल्या त्यात काढणी परवडली. गावसभेत एकदा नाव पुकारलं की माणूस तापाने फणफणलेला असो नाहीतर हजार कोसांवर असो, वर्षभराची सेवा त्याच्या गळ्यात पडते. पगार नाही, पानसुपारी नाही, आणि नाही म्हणायची सोय तर मुळीच नाही.

गेल्या वर्षी चिटणीस म्हणून रुफिनोचं नाव पुकारलं गेलं. रुफिनो त्या घटकेला उत्तरेला सान किंतिनच्या मळ्यात वाकून टोमॅटो तोडत होता. मग रिवाजाप्रमाणे त्याची बायको ओतिलिया एक जानेवारीला कचेरीत जाऊन बसली. बसली म्हणजे काय, चिटणिसाची खुर्ची रुफिनोची. तिच्यावर बाईने बसू नये असं तोंडाने कुणी म्हटलं नाही, पण पहिल्याच दिवशी त्या खुर्चीवर कुणीतरी झेंड्याची घडी ठेवून दिली होती. झेंडा उचलून ठेवायचा कुठे ते तिला कळेना. ती कोपऱ्यातल्या मक्याच्या पोत्यावर टेकली आणि मग वर्षभर तिथेच बसली. प्रत्येक कागदाखाली ती ‘रुफिनोच्या वतीने’ असं लिहायची आणि त्याच्याखाली स्वतःचं नाव, बारीक अक्षरात.

कचेरीच्या मागच्या अंगाला एक अंधारी खोली होती. तिथे फळ्यांवर गावाचे कागद रचलेले. एकसष्ट गठ्ठे, प्रत्येक ताडाच्या पातीच्या दोरीने आवळलेला. या लाल, धुपून गेलेल्या डोंगरांत ताडाशिवाय धड काही उगवत नाही, त्यामुळे टोपीपासून दोरीपर्यंत सगळं ताडाचंच. उंदरांनी तीन गठ्ठ्यांत बाळंतपणं केली होती आणि विंचवांची तर वसाहतच होती. वरून राज्याचा हुकूम आला की गावागावांनी आपले जुने कागद नीट लावावेत, खोक्यांत भरावेत, खोक्यांवर चिठ्ठ्या लावाव्यात. गावप्रमुख आर्सेनियोने तो हुकूम वाचला, डोकं खाजवलं आणि ओतिलियाला दोन दिवसांच्या शिकवणीला तालुक्याला धाडलं.

तिथे पांढरे हातमोजे घातलेली एक किडकिडीत बाई शिकवायला होती. ती म्हणाली, एका कामाचे कागद एका जागी. जमिनीचे वेगळे, पाण्याचे वेगळे, भांडणांचे वेगळे. ओतिलियाला हे फार पटलं. मका नाही का आपण निवडत, बियाण्याचा एकीकडे, खाण्याचा दुसरीकडे आणि किडका कोंबड्यांना. दुसऱ्या दिवशी दुपारनंतर शिकवणीचा आणखी एक तास होता. पण युकुतोनाकडे येणारी शेवटची गाडी तीनला सुटते, म्हणून ती पावणेतीनला पदर सावरून उठली. त्या शेवटच्या तासाला काय सांगितलं ते तिला कळलंच नाही.

फेब्रुवारीपासून सप्टेंबरपर्यंत तिने ते काम केलं. पहाटे दळण, मग शेत, मग कचेरी. तोंडाला रुमाल बांधून ती एकेक गठ्ठा सोडायची, धूळ झटकायची, कागद वाचून ज्याच्या त्याच्या खोक्यात घालायची. सुटलेल्या दोऱ्या घरी न्यायची. वाळलेली ताडपाती चुलीत अशी धडधडून पेटते की बस. सप्टेंबरअखेर एकशे चाळीस खोकी एका रेषेत उभी राहिली आणि त्यांच्यावर तिच्या वळणदार अक्षरातल्या चिठ्ठ्या. तिला त्या खोलीत उगीचच एक चक्कर मारून यावंसं वाटायचं. जन्मात पहिल्यांदा तिच्या हातचं काहीतरी दुसऱ्या दिवशी खाऊन संपलं नव्हतं.

आणि मग गावसभेने नवा नियम काढला. उत्तरेहून परतणारे लोक न केलेल्या सेवा केल्या म्हणून सांगतात, तेव्हा यापुढे प्रत्येकाने आपली सेवा कागदानिशी दाखवायची. साठीच्या पुढच्यांनीसुद्धा. सगळ्या सेवा पुऱ्या असल्या तरच सुटका, नाहीतर राहिलेली सेवा पुन्हा. ते तपासायला तीन म्हाताऱ्यांची समिती नेमली आणि तीत क्रिसोफोरो नावाचा एक तुसडा म्हातारा होता.

ओतिलियाचा सासरा, ताता फिलादेल्फो, बासष्टचा. गावात वडीलधाऱ्या माणसाला ताताच म्हणतात. चर्चची सेवा झाली, शाळेची झाली, पाण्याची झाली, जमीन समितीची दोनदा झाली. सगळ्यांचे कागद निघाले. राहिली ती अगदी पहिली, पंच्याहत्तर सालची टोपिलची. टोपिल म्हणजे गावाचा हरकाम्या. हातात दांडकं घेऊन कचेरीबाहेरच्या बाकावर बसायचं, निरोप घेऊन डोंगरामागच्या वस्त्यांवर पळायचं, चौक झाडायचा, पिऊन पडलेल्याला उचलून आत टाकायचं. अठरा-वीस वर्षांच्या पोरांचं काम ते.

“हा त्या साली ऑक्टोबरात सोडून गेला,” क्रिसोफोरो समितीत म्हणाला. “मला पक्कं आठवतं. वर्ष पुरं केलं नाही यानं.”

ताता फिलादेल्फो टोपीची कड बोटांनी चाचपत उभा राहिला.

दुसऱ्या दिवशी सकाळी आर्सेनियो कचेरीत आला. त्याच्या मुलीला बाप्तिस्म्याच्या वेळी ओतिलियाने कडेवर घेतलं होतं, म्हणून तो तिला कोमाद्रे म्हणायचा.

“कोमाद्रे, पंच्याहत्तरचा गठ्ठा काढ गं. तुझ्या सासऱ्याचा एकदाचा निकाल लावू.”

“कुठला तो?”

“अठरावा. दारापासून मोज.”

“मोजू?”

“मग काय वास घेऊन ओळखणार? अठ्ठावन्नपासूनचे आहेत. जाणारा चिटणीस आपला गठ्ठा बांधतो नि शेवटच्याच्या उजवीकडे ठेवतो. त्याच्यावर साल लिहायला पोरं का आहेत आपण? आतले कागदही जसे आले तसे एकावर एक. तळाशी जानेवारी, वर डिसेंबर. माझ्या आज्यापासून हेच चालत आलंय.”

ओतिलियाने मागच्या खोलीचं दार ओढून घेतलं. “काढून ठेवते,” ती म्हणाली. “जरा वेळ द्या.”

आत जाऊन ती आपल्या खोक्यांसमोर उभी राहिली. निम्म्या कागदांवर तारीख नव्हती. जुने चिटणीस मांडीवर कागद ठेवून लिहायचे, ‘आज’, ‘उद्या सकाळी’, ‘येत्या रविवारी’. कोणतं आज आणि कोणतं उद्या, ते गठ्ठ्याला ठाऊक होतं. आणि गठ्ठे तिने सोडले होते. एकसष्ट वर्षं तिने इतकी सुंदर निवडून ठेवली होती, की त्यातलं एकही साल आता शोधून काढता येत नव्हतं.

घरी तिने कुणाला काही सांगितलं नाही. सांगायला तरी कोण होतं, दोन पोरी अजून शाळेतल्या. त्या सांजेला तिने घेवड्यात दोनदा मीठ घातलं. ताता फिलादेल्फोने खारट घेवडा मुकाट्याने खाल्ला, वर आणखी मागून घेतला.

“सापडेल ना गं कागद?”

“सापडेल की.”

“नाही सापडला तरी काही बिघडत नाही. उचलू दांडकं. पोरांत बसलं की माणूस तरणा राहतो.”

पण सकाळीच तिने त्याला उतारावरून येताना पाहिलं होतं. पाठीवर कणसांची पाटी, तिचा पट्टा कपाळावर, आणि म्हातारा खेकड्यासारखा आडवा होऊन, झुडपं धरत धरत एकेक पाऊल खाली टाकत होता. वीस वर्षं त्यानेही टोमॅटोच्या सरींत काढली होती, गुडघे तिथेच राहिले. असल्या गुडघ्यांनी तो वस्त्यांवर निरोप घेऊन जाणार, आणि पोरं त्याला, ‘ए आजोबा, पळ’ म्हणणार. तिला ते डोळ्यांसमोर आणवेना.

मग तिने कचेरीतच मुक्काम ठोकल्यासारखं केलं. उजाडता उजाडता जायची ती अंधार पडायच्या बेताला यायची. तारीख नसलेले कागद तिने पुन्हा बाहेर काढले आणि त्यांचे ढीग घालायला लागली. शेतात कणसं वाळून खडखडत होती, काढायला माणूस नव्हता. ताता फिलादेल्फो सकाळी शेत करायचा आणि दुपारी येऊन चुलीशी बसायचा. युकुतोनात पुरुषाने चुलीशी बसणं ही काही लपून राहणारी गोष्ट नाही.

दळणाच्या गिरणीवर दामासाने तिला गाठलं. दामासा क्रिसोफोरोची एकुलती एक मुलगी, चव्वेचाळिसाला टेकलेली, गिरणी तिचीच. हातांना कोपरापर्यंत ओलं पीठ आणि तोंडाचा पट्टा गिरणीपेक्षा जोरात.

“काय गं ओतिलिया, काल तुझ्या सासऱ्यानं टोर्टिया थापल्या म्हणे! धूर चर्चपर्यंत आला. पाद्री म्हणाला, गावात पाप वाढलंय.”

“थापल्या. चौकोनी आल्या.”

“चौकोनी तर चौकोनी. माझ्या बापाला उकळतं पाणी करता येत नाही.” तिने ओतिलियाच्या बादलीत पिठाचा जादा गोळा टाकला आणि मग आवाज उतरवून म्हणाली, “माझ्या बापाचं मनावर घेऊ नकोस. म्हातारा कडूच आहे. मला आठवतंय तेव्हापासून तसाच.”

तिसऱ्या दिवशी ताता फिलादेल्फो फडक्यात जेवण बांधून कचेरीत आला. पोत्यावर, तिच्या शेजारी बसला. खोक्यांच्या रांगेकडे बराच वेळ बघत राहिला.

“झकास लावलंस. यातला पंच्याहत्तर कुठला?”

ओतिलियाने तोंड फिरवलं. पण रडू काही तोंड फिरवून थांबत नाही. हुंदक्यांच्या मधूनमधून तिने सगळं सांगितलं, हातमोजेवाली बाई, तीनची गाडी, सोडलेले गठ्ठे, सगळं. म्हाताऱ्याने ते ऐकून घेतलं.

“आणि दोऱ्या?” त्याने विचारलं. “दोरीच्या गाठीवरून मी चिटणीस ओळखला असता.”

“जाळल्या.”

“सगळ्या?”

“तुमच्याच कॉफीखाली, ताता.”

म्हातारा खांदे हलवून हसायला लागला. “तरीच! म्हटलं या वर्षी कॉफीला एवढी चव कुठून आली? एकसष्ट वर्षांचा कारभार प्यालो म्हण की मी.” हसता हसता त्याने फडकं सोडलं. चौकोनी टोर्टिया, मिरचीची चटणी. “खा आधी. उपाशीपोटी कुणाला काही सापडत नाही.”

त्या दिवसापासून तोही येऊन बसू लागला. त्याला वाचता जेमतेम यायचं, पण हात ओळखू यायचे. कागद उजेडाकडे धरायचा आणि म्हणायचा, “हा गाउदेन्सियो. शाईत पाणी घालायचा चिक्कू. बघ कशी फिकी. पंच्याहत्तरचा चिटणीस तोच.” फिक्या शाईचे कागद एकीकडे जमू लागले. आरोग्याच्या खोक्यातून दोन, जमिनीतून नऊ, भांडणांतून तर ढीगभर. त्या वर्षी गाव फार भांडलं होतं. टोपिलांच्या नावांची यादीही निघाली आणि तिच्यात फिलादेल्फोचं नाव होतं. पण यादी जानेवारीची. सुरुवात कुणी नाकारलीच नव्हती, प्रश्न शेवटाचा होता. ऑक्टोबरनंतर फिलादेल्फो कामावर असल्याचं सांगणारा एक कागद, बस, एवढाच हवा होता.

गावसभेच्या आदल्या दिवशी, शनिवारी दुपारी, जमिनीच्या एका नकाशाला चिकटलेली चिठ्ठी तिच्या हाती लागली. हाताच्या पंजाएवढी. फिकी शाई. तिने मोठ्याने वाचली.

“‘टोपिल फिलादेल्फो, पाठीवर घ्यायची खुर्ची घेऊन क्रिसोफोरोच्या घरी जा. त्याच्या बायकोला खाली सडकेपर्यंत न्यायचं आहे. घाई करा.’”

वर मान करून बघते तो ताता फिलादेल्फोने हात पुढे केलेला.

“आण इकडे.”

त्याने चिठ्ठी घेतली. वाचली नाही, नुसती तळहातावर धरली.

“दंव पडलं होतं,” तो म्हणाला. “डिसेंबर. मूल आडवं आलं होतं. सडक चार तासांवर, तिथून ट्रक मिळाला तर मिळाला. खुर्ची पाठीला बांधली, तिला बसवलं आणि निघालो. क्रिसोफोरो मागे. उतारावर घसरलो एकदा. पडलो नाही, गुडघ्यावर आलो फक्त. ती म्हणाली, सावकाश रे पोरा. एवढंच म्हणाली. खिंडीपाशी मूल झालं, तिथल्या बायकांनी सोडवलं. ती पुढं माझ्या पाठीवरच गेली. मला कळलंच नाही, ताई. तसाच चालत राहिलो. मागून क्रिसोफोरो ओरडला तेव्हा थांबलो.”

त्याने सुनेला कधी ताई म्हटलं नव्हतं. ओतिलियाने त्याच्या गुडघ्यावर हात ठेवला.

“मूल म्हणजे दामासा?”

“दामासा.”

“ताता, पण मग हाच पुरावा आहे. तुम्ही डिसेंबरात कामावर होतात.”

“होतो. एकतीस तारखेपर्यंत होतो, दांडकं हातानं परत दिलं.”

“मग क्रिसोफोरो खोटं का बोलतो?”

“खोटं नसेल गं ते त्याला. बायकोला पुरलं आणि तो किनाऱ्याकडे निघून गेला, तीन वर्षं ऊस तोडत राहिला. त्या साली ऑक्टोबरनंतर त्याच्यासाठी काही झालंच नाही. आणि मी पळत गेलो असतो तर ती वाचली असती, हेही असेल त्याच्या मनात. माझ्याही असतं कधीकधी.”

“उद्या वाचते मी हे.”

“नाही.” एवढ्या मऊ माणसाचा आवाज असा टणक होतो हे तिने पहिल्यांदाच ऐकलं. “गावासमोर? पोरगी बसलेली असताना? का, तर माझे गुडघे वाचावेत म्हणून? ते काही चालायचं नाही. ठेव तो कागद, आणि गप्प राहा.”

तिने चिठ्ठी घेऊन पदराच्या टोकात बांधली. खोक्यात ठेवायला तिचं मन धजेना, कुठल्या खोक्यात ठेवायची तेच समजेना.

रविवारी सकाळी शाळेपुढच्या बास्केटबॉलच्या मैदानात गावसभा भरली. शे-दीडशे माणसं, आणि सगळ्यांचे हात टोप्या विणण्यात गुंतलेले. इथे कुणी नुसतं बसत नाही. बोलतानाही पात्या सळसळत असतात, आणि माणूस कुठे अडखळला ते त्याच्या बोटांवरून कळतं.

आर्सेनियोने फिलादेल्फोचं नाव पुकारलं. “पंच्याहत्तरचा गठ्ठा आणलास का, कोमाद्रे?”

ओतिलिया उठली. आदल्या रात्रीपासून तिने एवढंच ठरवलं होतं की चिठ्ठीबद्दल बोलायचं नाही, पण स्वतःबद्दल लपवायचंही नाही.

“गठ्ठा नाही,” ती म्हणाली. “कुठलाच नाही. मी सगळे सोडले. वेगवेगळ्या खोक्यांत घातले. कशाचं साल कुठलं ते आता मला सांगता येत नाही. चूक माझी आहे, ताता फिलादेल्फोंची नाही.”

क्षणभर पात्या थांबल्या आणि मग एकच गलका झाला.

“अगं, गठ्ठे काय अंबाडा होता का, सोडायला?”

“बाईला खोलीची किल्ली देऊ नका म्हणत होतो मी!”

“हिचं वर्ष धरायचं नाही. रुफिनोला परत बोलवा, पुन्हा करू दे वर्ष.”

ओतिलिया उभीच राहिली. बसावं की नाही हे कुणी सांगितलं नव्हतं. तिने नजर खाली घातली नाही.

तेवढ्यात तिच्या शेजारून टोपी हातात घेऊन ताता फिलादेल्फो उठला. एक हात खांबाला, एक गुडघ्याला, अशा दोन हप्त्यांत उठला.

“पोरीला कशाला बोल लावता?” तो म्हणाला. “सापडायला तिथं काही होतंच नाही. मी ऑक्टोबरात सोडून गेलो होतो. क्रिसोफोरो बरोबर बोलतोय. द्या दांडकं आणि पुढचं नाव घ्या. माझी कणसं शेतात आहेत.”

मागे बसलेली पोरं फिदीफिदी हसली. आर्सेनियोने लिहायला पेन उचललं. पदराची गाठ ओतिलियाने मुठीत इतकी आवळली की नखं तळव्यात रुतली.

समितीच्या बाकावर क्रिसोफोरोचे हात थांबले होते. मांडीवर अर्धी विणलेली टोपी, पात्या चारी बाजूंना पसरलेल्या. तो फिलादेल्फोकडे बघत होता. खूप वर्षांनी बघत असावा. एरवी गल्लीत समोरासमोर आले की दोघेही जमिनीकडे बघत जायचे.

“खोटं बोलतोय हा,” क्रिसोफोरो म्हणाला.

“कोण?” आर्सेनियोने विचारलं.

“फिलादेल्फो. ऑक्टोबरात गेला नव्हता.” त्याने टोपी बाजूला ठेवली आणि उठला. “मी म्हटलं होतं गेला म्हणून. मला तसंच... मला तसं आठवत होतं. आता हा आपल्या तोंडानं तेच म्हणाला, तेव्हा कानाला लागलं. डिसेंबरात होता हा. माझ्या बायकोला पाठीवरून घेऊन गेला. चार तास. मी मागं होतो.”

बायकांच्या घोळक्यात दामासा बसली होती, तिच्या हातातली पात जमिनीवर पडली. तिने ती उचलली नाही.

“बस कर, क्रिसोफोरो,” ताता फिलादेल्फो हळूच म्हणाला. “राहू दे.”

“का राहू दे? तू चव्वेचाळीस वर्षं राहू दिलंस, तेवढं पुरे.” मग तो ओतिलियाकडे वळला. “गाउदेन्सियोनं त्या दिवशी एक चिठ्ठी लिहिली होती. माझ्याच अंगणात, मांडीवर कागद ठेवून. मी त्याच्या डोक्यावर उभा होतो. ती आहे का तुझ्या खोक्यांत?”

ओतिलियाने सासऱ्याकडे पाहिलं. म्हाताऱ्याचे डोळे भरले होते. त्याने मान हलवली नाही, पण तिला अडवलंही नाही. तिने पदराची गाठ सोडली.

क्रिसोफोरोने चिठ्ठी लांब धरली, मग जवळ धरली. आर्सेनियोने आपला चष्मा पुढे केला तो त्याने घेतला नाही.

“वाचून दाखवू, ताता?” ओतिलियाने क्रिसोफोरोला विचारलं.

“नको. काय लिहिलंय ते मला माहीत आहे.” त्याने अंगठा कागदावरून एकदा फिरवला. “आणि हिच्या वर्षाचं म्हणाल, तर ज्या कागदांवर साल नाही ते घेऊन ही घरोघरी येईल. आपण सांगू साल कुठलं ते. आपणही तिथंच होतो की सगळे. यावर कुणाला काही बोलायचंय?”

कुणाला काही बोलायचं नव्हतं. आर्सेनियोने फिलादेल्फोच्या नावापुढे खूण केली आणि तो पुढचं नाव शोधू लागला. पण क्रिसोफोरो बसला नाही. चिठ्ठी त्याने ओतिलियाच्या हातात परत दिली.

“यावर तारीख नाही,” तो म्हणाला. “घाल. अकरा डिसेंबर, एकोणीसशे पंच्याहत्तर. गुरुवार होता. सकाळ.”

ओतिलियाने खाली बसून चिठ्ठी मांडीवर ठेवली आणि केसांत खोचलेली पेन्सिल काढली.

“पेनानं लिही,” क्रिसोफोरो म्हणाला.

“जुन्या कागदावर पेन चालत नाही, ताता. पेन्सिलनंच लिहायचं असतं.”

तो थोडा वेळ तिच्या हाताकडे बघत उभा राहिला.

“मग दाबून लिही,” तो म्हणाला.